वैद्यकीय घराची परीक्षा

ज्यांचें बालपण पुण्यामुंबईच्या एकाद्या वाड्यांत अगर चाळींत गेलें आहे, अशा आमच्या वाचकांस ‘घरचे डॉक्टर’ या दोन शब्दांचा अर्थ सांगावयास नको. गल्लीच्या तोंडाशीं त्यांचा दवाखाना असे; आंत लांकडी बाक, पडद्यामागें तपासण्याची जागा, आणि खिडकीशीं कागदाच्या पट्ट्या चिकटविलेल्या बाटल्यांतून औषध देणारा कंपाउंडर. हे डॉक्टर फार मोठे विद्वान असत असें नव्हे. परंतु आजोबांचा दमा कोणत्या महिन्यांत उचल खातो, आईला कोणतें औषध सोसत नाहीं, धाकट्याच्या पोटदुखींत खरी किती आणि शाळा चुकविण्याची किती, हें त्यांस वही न उघडतां ठाऊक असे. मोठ्या इस्पितळांत जाण्याची वेळ आली तर चिठ्ठी तेच देत, आणि परत आल्यावर तेथें काय झालें याची विचारपूसहि तेच करीत. हे डॉक्टर हळूहळू दिसेनासे झाले. त्यांच्याबरोबर कांहीं तरी गेलें हें प्रत्येक कुटुंब जाणतें. पण काय गेलें आणि किती गेलें, असा रोकडा सवाल कोणी केला तर त्याचें उत्तर सहसा देतां येत नाहीं.

हा रोकडा सवाल एका देशानें स्वतःला खरोखरच विचारला, आणि त्याचें उत्तर काढण्यासाठीं आंकडेशास्त्राचीं सर्व आयुधें कामास लावलीं. तो देश म्हणजे अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें. तेथें हरवत चाललेल्या घरच्या डॉक्टरांस योजनापूर्वक परत आणण्याचा जो प्रयत्न झाला, त्याला ‘मेडिकल होम’ म्हणजे ‘वैद्यकीय घर’ असें नांव आहे. त्या घराच्या बांधणीचा इतिहास मनोरंजक आहेच. परंतु त्याच्या परीक्षेचा इतिहास त्याहून बोधप्रद आहे. परीक्षकानें कोणता प्रश्न विचारला यावरच परीक्षार्थी उत्तीर्ण कीं अनुत्तीर्ण हें कसें ठरतें, याचें इतकें स्वच्छ उदाहरण क्वचितच सांपडेल. तो इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘वैद्यकीय घर’ हा शब्द पुढें आला तो इ. स. १९६७ मध्यें, अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें बालआरोग्याच्या मानकांविषयीं प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकांत. त्या वेळीं त्याचा अर्थ अगदीं साधा होता. दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलाला हृदयाचा एक डॉक्टर पाही, कानाचा दुसरा, शस्त्रक्रियेचा तिसरा. प्रत्येकाजवळ त्या मुलाचा एकेक कागद असे, आणि सगळे कागद कोणाजवळच नसत. तेव्हां मुलाचे सर्व वैद्यकीय कागद एका ठिकाणीं राहावेत, आणि त्या ठिकाणाला त्याचें वैद्यकीय घर म्हणावें, एवढीच ती सूचना होती. घर म्हणजे दप्तर ठेवण्याची जागा! परंतु शब्दाला स्वतःचें असें एक बळ असतें. ‘घर’ असें एकदां म्हटलें कीं तेथें नुसते कागद ठेवून भागत नाहीं; तेथें आपल्याला ओळखणारें कोणी तरी माणूस असावें लागतें.

हा दुसरा अर्थ त्या शब्दांत भरण्याचें श्रेय मुख्यतः हवाई बेटांवरील बालरोगतज्ज्ञ डॉ. कॅल्विन सिया यांस दिलें जातें. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनीं आपल्या व्यवसायबंधूंपुढें व राज्यकर्त्यांपुढें एकच धोशा लाविला होता: प्रत्येक मुलाला त्याच्या वस्तीजवळ, त्याच्या कुटुंबाला ओळखणारा, असा स्वतःचा डॉक्टर मिळाला पाहिजे. १९९२ सालीं अकादमीनें निवेदन काढून हा व्यापक अर्थ मान्य केला. मुलांची वैद्यकसेवा सुलभ, अखंड, सर्वांगीण, कुटुंबाला केंद्रस्थानीं ठेवणारी, परस्परांशीं जुळलेली व कनवाळू असावी, असें त्यांत म्हटलें होतें. दप्तराच्या जागेंतून पंचवीस वर्षांत घर उभें राहिलें तें असें.

मोठ्या माणसांच्या बाजूनेंहि अशीच हालचाल चालली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत तज्ज्ञ डॉक्टरांची संख्या भराभर वाढली, आणि सर्वसाधारण डॉक्टर मागें पडले. १९६६ सालीं मिलिस आयोगानें या गोष्टीकडे लक्ष वेधिलें, व १९६९ मध्यें कुटुंबवैद्यक ही एक स्वतंत्र तज्ज्ञशाखा म्हणून मान्य झाली. तज्ज्ञांच्या गर्दींत ‘सगळें पाहणारा’ हाहि एक तज्ज्ञच ठरवावा लागला, ही काळाची गंमत म्हणावयाची! पुढें जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील डॉ. बार्बरा स्टारफील्ड यांनीं चांगल्या प्राथमिक वैद्यकसेवेचीं चार लक्षणें सांगितलीं. कांहीं झालें तर पहिली धांव तिच्याकडे घेतां यावी; तो संबंध वर्षानुवर्षें टिकावा; बहुतेक गरजा तेथेंच भागाव्यात; आणि इतरत्र झालेल्या उपचारांची सांगड तेथें घातली जावी. आमच्या गल्लींतील डॉक्टरांनीं हीं लक्षणें कधीं वाचलीं नव्हतीं. परंतु तीं चारहि त्यांच्या ठायीं होतीं.

नव्या शतकाच्या आरंभीं या कल्पनेच्या शिडांत एकदम वारा भरला. आणि खरें सांगावयाचें तर तो वारा खर्चाच्या दिशेनें आला. २००७ च्या सुमारास अमेरिकेचा आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारें १६ टक्क्यांवर पोंचला होता. मधुमेह, रक्तदाब, दमा यांसारख्या जन्माच्या सोबत्यांनीं त्यांतला मोठा वांटा उचललेला. आणि डॉक्टरांस पैसे मिळत ते मुख्यतः दर भेटीचे. मधुमेह्याला आपण होऊन फोन करावा, साखर तपासली काय म्हणून विचारावें, याचे पैसे बहुधा कोणी देत नसे. अर्थात् तसा फोनहि फारसा कोणी करीत नसे. नोकरांच्या विम्याचा भार सोसणाऱ्या मोठ्या कारखानदारांनाहि हें जाणवूं लागलें, आणि आय. बी. एम. सारख्या कंपनीनें या चळवळींत पुढाकार घेतला. २००७ सालीं कुटुंबवैद्य, बालरोगतज्ज्ञ, सर्वसाधारण फिजिशियन व ऑस्टिओपॅथ यांच्या चार संस्थांनीं मिळून ‘रुग्णकेंद्रित वैद्यकीय घरा’चीं संयुक्त तत्त्वें जाहीर केलीं. प्रत्येक रोग्याला स्वतःचा डॉक्टर, त्या डॉक्टरच्या हाताखालीं परिचारिका व इतर मदतनीसांचें पथक, एका अवयवाऐवजीं सबंध माणसाकडे पाहणारी दृष्टि, वेळीं अवेळीं संपर्काची सोय, आणि या सर्वांचा योग्य मोबदला, असें त्या तत्त्वांचें सार होतें.

तत्त्वें जाहीर झालीं, आतां घर कोणाला म्हणावें हें ठरविणें आलें. २००८ सालीं गुणवत्तेची हमी पाहणाऱ्या एका राष्ट्रीय समितीनें त्यासाठीं नऊ मानकें व एकूण १०० गुणांची कसोटी तयार केली, आणि मिळालेल्या गुणांप्रमाणें तीन श्रेणी ठरविल्या. या इतिहासाला येथें पहिलें वळण लागलें. रोग्यांची यादी संगणकावर आहे काय, चांचणीच्या निकालाचा माग ठेवला जातो काय, औषधाची चिठ्ठी यंत्रानें लिहिली जाते काय, असल्या गोष्टींना या कसोटींत मोठें माप मिळालें. कारण त्या कागदावर दाखवितां येतात. डॉक्टर आपल्या रोग्यास ओळखतो काय, या प्रश्नाला मात्र कागदोपत्रीं पुरावा कोठून आणावयाचा? घर राहिलें बाजूला, आणि घराच्या पाटीची तपासणी सुरू झाली. ज्या गोष्टीला गुण मिळतात तीच गोष्ट वाढते, आणि जिला मिळत नाहींत ती वाळते, हें शाळेंत गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

प्रत्यक्ष परीक्षांपैकीं देशव्यापी अशी पहिली परीक्षा २००६ ते २००८ या दोन वर्षांत झाली. निरनिराळ्या राज्यांतले ३६ कुटुंबवैद्यकीय दवाखाने निवडण्यांत आले. त्यांपैकीं निम्म्यांस मार्गदर्शक दिले, आणि निम्म्यांस ‘तुमचें तुम्हीं करा’ म्हणून सोडून दिलें. २०१० सालीं निकाल प्रसिद्ध झाला, आणि तो कोणालाच सुखावणारा नव्हता. दवाखान्यांनीं नव्या व्यवस्थेचे बहुतेक भाग बसविले. रोगांच्या उपचारांतहि थोडी सुधारणा दिसली. परंतु रोग्यांना विचारलें तेव्हां त्यांस कांहीं अधिक चांगलें वाटत नव्हतें. कोठें कोठें तर किंचित् वाईटच वाटूं लागलें होतें. घराची डागडुजी चालली असतां पाहुण्याला बसावयास जागा नसावी, तसा हा प्रकार झाला. परीक्षकांनीं प्रांजळपणें लिहिलें कीं, असा पालट होण्यास दोन वर्षें पुरत नाहींत, आणि यंत्रें बसविण्यापेक्षां माणसांचे परस्परसंबंध बदलणें हें काम कितीतरी अवघड आहे.

याच काळांत वायव्येकडील सिअ‍ॅटल शहराच्या परिसरांत दुसरा एक प्रयोग चालू होता. ‘ग्रुप हेल्थ कोऑपरेटिव्ह’ ही १९४७ पासून काम करणारी सभासदांची सहकारी संस्था. दवाखानेहि तिचे आणि विमाहि तिचाच. सहकाराच्या या प्रदेशांत वाढलेल्या आमच्या वाचकांस तिचें स्वरूप चटकन् समजेल. या संस्थेनें आधीं वेगाच्या सुधारणा करून पाहिल्या होत्या आणि त्यांत तिचे डॉक्टर दमून गेले होते. तेव्हां २००६ सालीं तिनें आपल्या एका दवाखान्यांत उलट प्रयोग केला. एका डॉक्टरकडे सरासरी २,३०० रोगी सोंपविलेले असत, ते १,८०० वर आणले. भेटीचा वेळ २० मिनिटांवरून ३० मिनिटांवर नेला. फोन व पत्रव्यवहार यांसाठीं दिवसाच्या कामांत वेगळी जागा ठेवली, आणि मदतनीस वाढविले. पैसा खर्च झाला तो वेळ विकत घेण्यासाठीं!

त्याचा परिणाम संस्थेच्या इतर दवाखान्यांशीं ताडून पाहण्यांत आला. सुमारें दोन वर्षांच्या अखेरीस तातडीच्या उपचारांसाठीं इस्पितळांत धांव घेण्याचें प्रमाण २९ टक्क्यांनीं, आणि इस्पितळांत दाखल होण्याचें ६ टक्क्यांनीं कमी आढळलें. दर रोग्यामागें दरमहा सुमारें १० डॉलर वांचल्याचा अंदाजहि निघाला. पण तो आंकडा योगायोगाचा नव्हे, असें छातीठोकपणें म्हणण्याइतका भक्कम नव्हता, हेंहि संशोधकांनीं लपविलें नाहीं. आम्हांला त्याहून महत्त्वाचा वाटला तो निराळाच आंकडा. पहिल्या वर्षाच्या अखेरीस या दवाखान्यांतील १० टक्के कामकऱ्यांनीं आपण मनानें पार थकून गेल्याचें सांगितलें, तर तुलनेच्या दवाखान्यांत तेंच प्रमाण ३० टक्के होतें. दमलेल्या माणसाच्या हातून दुसऱ्याची चौकशी होत नाहीं, ही गोष्ट कोणतीहि गृहिणी सांगेल. येथें ती आंकड्यांनीं सांगितली. या संस्थेनें पुढें आपल्या सर्व दवाखान्यांत ही पद्धति नेली. २०१७ सालीं ती एका मोठ्या आरोग्यसंस्थेंत विलीन झाली, आणि तिचें स्वतंत्र नांव संपलें.

येथें वाचकांस थोडें थांबवून अशा परीक्षांतील अडचणी सांगणें अवश्य आहे. त्यांवांचून पुढील निकालांचा अर्थ नीट लागणार नाहीं. पहिली अडचण हौसेची. अशा योजनेंत आपण होऊन उतरणारे दवाखाने मुळांतच उत्साही असतात. ते सुधारले तर योजनेमुळें सुधारले कीं उत्साहामुळें, हें सांगणें कठीण. दुसरी अडचण काळाची. यंदां ज्याला चार वेळां इस्पितळांत जावें लागलें, तो पुढच्या वर्षीं कांहींहि न करतां दोनच वेळां जाण्याचा संभव असतो. कारण फार वाईट वर्षानंतर बहुधा त्याहून बरें वर्ष येतें. असेच रोगी निवडून योजना चालविली तर यश फुकटांत पदरांत पडतें. म्हणून योजनेबाहेरचे तशाच स्वरूपाचे दवाखाने शेजारीं ठेवून, दोहोंकडे किती बदल झाला आणि त्या बदलांत अंतर किती, हें पाहावें लागतें. तिसरी अडचण शितावरून भाताची परीक्षा करण्याची. एका दवाखान्यांतील दोन हजार रोगी तपासले म्हणजे दोन हजार पुरावे मिळाले, असें नव्हे. एकाच पातेल्यांतलीं दोन हजार शितें चाखलीं तरी परीक्षा त्या एका पातेल्याचीच होते. भात शिजविण्याच्या रीतीची परीक्षा करावयाची, तर अनेक घरचीं पातेलीं उघडलीं पाहिजेत. २०१२ सालीं डेबोरा पाइक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तोंवर झालेल्या परीक्षांचीच परीक्षा घेतली. शेंकडों लेख चाळून १२ योजनांच्या १४ परीक्षा त्यांनीं विचारार्थ निवडल्या. आणि त्यांतल्याहि कित्येकांत ही पातेल्याची चूक झालेली आढळली.

या अडचणी ध्यानांत घेऊन झालेली मोठी परीक्षा पेनसिल्व्हेनिया राज्याची. त्या राज्याच्या आग्नेय भागांतील ३२ दवाखान्यांत २००८ पासून तीन वर्षें ही योजना चालली. सहा विमायोजनांनीं पैसा पुरविला, आणि दर डॉक्टरमागें तीन वर्षांत सरासरी सुमारें ९२,००० डॉलर अधिक मिळाले. पाटी मिळविण्यांत सर्व दवाखाने यशस्वी झाले. मार्क फ्रीडबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ च्या फेब्रुवारींत निकाल प्रसिद्ध केला, तेव्हां ११ कसोट्यांपैकीं एकींतच सुधारणा निश्चित ठरली होती. मधुमेह्यांच्या मूत्रपिंडांस इजा पोंचली आहे कीं काय, ही तपासणी अधिक होऊं लागली होती, एवढेंच. इस्पितळांतील भरती, तातडीच्या भेटी, एकूण खर्च, यांपैकीं कशांतहि फरक नव्हता. या निकालानें मोठी खळबळ उडाली, आणि वैद्यकीय घराची कल्पनाच फोल असल्याचें कांहीं जण बोलूं लागले.

परंतु पुढच्याच वर्षीं त्याच संशोधकांनीं त्याच राज्याच्या ईशान्य भागाचा निकाल पुढें ठेवला, आणि तो अगदीं निराळा निघाला. तेथें २७ दवाखान्यांत इस्पितळांतील भरती व तातडीच्या भेटी कमी झाल्या होत्या. उलट आपल्या नेहमींच्या डॉक्टरकडे जाणें वाढलें होतें. एकच राज्य, जवळजवळ एकच काळ. मग फरक कशाचा? ईशान्येकडील दवाखान्यांना आपला कोणता रोगी कोणत्या इस्पितळांत गेला याची खबर वेळेवर मिळत असे, आणि वांचलेल्या खर्चांत त्यांचा वांटा होता. आग्नेयेकडे अशी खबर फारशी पोंचत नसे, आणि जोर होता तो लौकर पाटी मिळविण्यावर. म्हणजे घराचें नांव एकच असलें तरी आंतील राहणी वेगळी होती. घरच्या डॉक्टरांस रोगी कोठें गेला हें ठाऊक असे, म्हणून तर परत आल्यावर विचारपूस होई! ती जुनी गोष्टच एका ठिकाणीं नव्या रूपानें साधली, आणि दुसऱ्या ठिकाणीं राहून गेली.

यानंतर सरकारनें मोठ्या प्रमाणावर हात घातला. निवृत्त सैनिकांच्या आरोग्यखात्यानें २०१० पासून आपल्या ९०० हून अधिक दवाखान्यांत ही पद्धति आणली. २०१४ सालच्या पाहणींत असें दिसलें कीं, जेथें सुधारणा अधिक खोल रुजली होती, तेथें रोगी अधिक समाधानी, कामकरी कमी थकलेले, आणि तातडीच्या भेटीहि कमी होत्या. वृद्धांच्या सरकारी विम्यातर्फें २०१२ ते २०१६ या काळांत सात प्रदेशांतील सुमारें ५०० दवाखान्यांत, आणि २०१७ ते २०२१ या काळांत १८ प्रदेशांतील सुमारें तीन हजार दवाखान्यांत, असे दोन प्रचंड प्रयोग झाले. दोहोंचें तात्पर्य जवळजवळ एकच निघालें. तातडीच्या भेटींत थोडी घट झाली. परंतु एकंदर खर्चांत अशी बचत झाली नाहीं कीं जिच्यांतून डॉक्टरांस दिलेला जादा पैसा भरून निघावा. तो जादा पैसा धरला तर दुसऱ्या प्रयोगांत सरकारचा खर्च वाढलाच.

हे निकाल कटु असले तरी खरे आहेत, आणि ते लपविण्याचा प्रयत्न करणें अप्रामाणिकपणाचें होईल. वैद्यकीय घर हें पैसे वांचविण्याचें यंत्र आहे असें ज्यांनीं जगाला सांगितलें, त्यांचें म्हणणें सिद्ध झालें नाहीं. परंतु याच्या पुढचा प्रश्न आम्हांला विचारावासा वाटतो. पैसे वांचतील असें वचन या घरानें मुळांत दिलें होतें काय? १९६७ सालीं त्यानें एवढेंच म्हटलें होतें कीं, आजारी मुलाचे कागद एका जागीं राहतील. १९९२ सालीं त्यानें म्हटलें कीं, त्या मुलाच्या कुटुंबाला ओळखणारें कोणी तरी असेल. बचतीचें वचन पुढें त्याच्या तोंडीं घातलें गेलें, कारण त्यावांचून पैसा पुरविणारे पुढें येईनात. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला कोणी विचारीत नाहीं कीं, तुमच्या शस्त्रक्रियेनें राष्ट्राचे किती डॉलर वांचले. तेथें रोगी बरा झाला काय, एवढेंच विचारतात. ज्या सेवेचा गुण ओळखींत आहे, तिच्याकडूनच तेवढी स्वतःच्या खर्चाची परतफेड मागितली जावी, यांत कांहीं तरी विपरीत आहे.

दुसरी गोष्ट काळाची. नारळाचें रोप लावून तिसऱ्या वर्षीं नारळ मोजावयास गेलें तर बागाईतदार हंसेल. या बहुतेक परीक्षा दोन, तीन, फार तर पांच वर्षांच्या होत्या. आणि ओळख ही तर वर्षानुवर्षें पिकणारी गोष्ट. सुदैवानें, एका दुसऱ्या देशांत हें दीर्घकाळचें माप घेतां आलें. नॉर्वेंत २००१ पासून प्रत्येक नागरिकाला एक नेमलेला डॉक्टर असण्याची व्यवस्था आहे. तेथील सुमारें ४५ लाख लोकांच्या नोंदी पाहून २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, ज्यांचा डॉक्टर १५ वर्षांहून अधिक काळ तोच राहिला, त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण, एकच वर्ष झालेल्यांच्या मानानें, सुमारें २५ टक्क्यांनीं कमी होतें. इस्पितळांतील भरती व अवेळच्या तातडीच्या भेटी यांतहि तसाच मोठा फरक होता, आणि वर्षें वाढत गेलीं तसतसा तो वाढत गेला होता. हें निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. वारंवार डॉक्टर बदलणाऱ्यांच्या आयुष्यांत इतरहि उलथापालथ असूं शकते, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु तीन वर्षांच्या फुटपट्टीनें जें दिसलें नाहीं, तें पंधरा वर्षांच्या फुटपट्टीनें दिसावें, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

कोणी म्हणेल कीं, ओळख मोजतां येत नाहीं, म्हणून परीक्षक इतर गोष्टी मोजतात. पण तसें मुळींच नाहीं. एका रोग्याच्या वर्षांतल्या सर्व भेटी किती डॉक्टरांत विखुरल्या गेल्या आणि एकाकडेच किती झाल्या, याचें गणित १९७७ सालींच टॉमस बाइस व स्टुअर्ट बॉक्सरमन या दोघांनीं बसवून दिलें होतें. माप हाताशीं होतें. तें या घराची मुख्य कसोटी मात्र झालें नाहीं. जें विचारावयाचें तें सोडून जें विचारण्यास सोयीचें तें विचारलें गेलें, आणि मग उत्तर मनासारखें आलें नाहीं म्हणून घरालाच दोष मिळाला. आमच्या मतें या सबंध इतिहासाचें सार हेंच आहे. परीक्षकांनीं खोटें कांहींच सांगितलें नाहीं. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हांला आदरच आहे. चूक झाली ती परीक्षा बसविणाऱ्यांची. त्यांनीं घर मागितलें, पाटी तपासली, आणि तिजोरीला निकाल विचारला.

हा परदेशचा इतिहास आम्हीं इतक्या विस्तारानें सांगितला, याचें कारण आपल्याकडेहि असाच एक मोठा प्रयत्न चालू आहे. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालापासून आपण गांवोगांवच्या प्राथमिक आरोग्यसेवेचा विचार करीत आलों आहों. २०१८ सालीं सरकारनें दीड लाख उपकेंद्रें व प्राथमिक आरोग्यकेंद्रें यांचीं ‘आरोग्य व कल्याण केंद्रें’ करण्याचें ठरविलें. २०२३ पासून तीं ‘आयुष्मान आरोग्य मंदिरें’ या नांवानें ओळखलीं जातात. अमेरिकेनें त्यास घर म्हटलें, आपण मंदिर म्हटलें. शब्द आपलाहि मोठा आहे, आणि म्हणूनच जबाबदारीहि मोठी आहे. या केंद्रांचें मूल्यमापन होणार, आणि तें व्हावेंच. परीक्षेवांचून केलेल्या स्तुतीला किंमत नसते. परंतु किती इमारती रंगविल्या, किती पाट्या बदलल्या, किती लोक दारांतून आंत आले, एवढ्यावरच ती परीक्षा संपूं नये, असें आम्हांला वाटतें. दाराबाहेर पडणाऱ्या एकाद्या म्हाताऱ्या बाईला थांबवून तीन साधे प्रश्न विचारावेत. मागच्या खेपेस तुम्हांला ज्यानें तपासलें त्यानेंच आज तपासलें काय? मधल्या काळांत तुम्ही जिल्ह्याच्या इस्पितळांत जाऊन आलां, हें त्याला ठाऊक होतें काय? आणि तुमचें सगळें सांगून होईपर्यंत तो थांबला काय?

या तीन प्रश्नांचीं उत्तरेंहि मोजतां येतात, आणि तीं पंधरा वर्षें मोजावयाची तयारी ठेवली तर त्यांतून बरेंच कळेल. गल्लीच्या तोंडाशीं बसणारे ते डॉक्टर आतां परत येणार नाहींत. शहरें मोठीं झालीं, रोग बदलले, आणि एकट्या माणसाच्या आंवाक्यांतलें तें काम राहिलें नाहीं, हें आम्ही जाणतों. त्यांच्या जागीं पथक आलें तरी चालेल, संगणक आला तरी चालेल. मात्र त्या लांकडी बाकावर बसलेल्या माणसाला आंतून नांवानें हांक आली पाहिजे.